बोथट टोकाचं काडतूस

थर्टी-थर्टीच्या काडतुसातली गोळी पुढून चपटी असते, फार तर गोलसर. शिकारीच्या बाकीच्या रायफलींच्या गोळ्या टोकदार झाल्या त्याला आता शंभर वर्षं होत आली. टोकदार गोळी हवा कापत जाते, तिचा वेग कमी घटतो, हे कुणाला सांगायला नको. तरीही ट्रिगरखालची दांडी, म्हणजे लिव्हर, खालीवर करून चालवायच्या अमेरिकेतल्या जुन्या लिव्हर रायफलीत ती चालत नाही, आणि याचं कारण रायफलीच्या रचनेत आहे. मुख्य नळीच्या खाली तिला समांतर अशी एक पातळ नळी असते, तेच हिचं मॅगझिन. काडतुसं त्यात एकामागे एक आडवी सरकवतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं आणि त्या बुडाच्या बरोबर मध्यावर प्रायमर असतो. ठोका बसला की पेट घेणं एवढंच त्याचं काम. बार झाला की रायफल मागे उसळते, मॅगझिनमधली रांग स्प्रिंगवर दबते आणि काडतुसं एकमेकांवर आदळतात. टोक अणकुचीदार असेल तर तो धक्का थेट प्रायमरवर बसतो. मॅगझिनची ती पातळ नळी नेमकी शिकाऱ्याच्या डाव्या पंजात असते.

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणारे लाखो लोक आहेत. झाडलेली पितळी पुंगळी उचलायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. ऐकायला सोपं आहे, आणि आधुनिक बोल्ट रायफलीच्या बाबतीत ते बरंचसं सोपं असतंही. जुन्या लिव्हर रायफलीसाठी भरताना मात्र प्रत्येक पायरीवर बंदूक आपलं म्हणणं पुढे करते. तिच्यातून जास्त वेग काढायला जो बसतो त्याला ही कला कळलेलीच नाही, असं माझं मत आहे. ते का, हे समजायला ही बंदूक आधी नीट पाहावी लागते.

युटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगनं ती बेतली. १८९४ मध्ये पेटंट मिळालं आणि विंचेस्टर कंपनीनं त्याच सालाच्या नावानं ती बाजारात आणली. सुरुवातीची काडतुसं काळ्या दारूची होती. १८९५ मध्ये निकेल-पोलादाची मजबूत नळी घालून बिनधुराच्या दारूचं काडतूस आलं, तेच थर्टी-थर्टी. पहिला आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचाचे तीस शतांश, आणि दुसरा त्या काळच्या दारूच्या वजनाचा, तीस ग्रेन. काळ्या दारूच्या दिवसांतली ही नावं ठेवण्याची रीत नव्या दारूलाही चिकटून राहिली. आज मिळणाऱ्या दारूंना तो आकडा लागू नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नाव वाचून माप ठरवणारा माणूस बोटं गमावू शकतो.

ही रायफल हलकी, चपटी आणि आटोपशीर. घोड्याच्या खोगिराला लावलेल्या चामडी म्यानात सहज मावणारी. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचं हरीण दिसतं तेच मुळी शंभर यार्डांच्या आत, आणि तेवढ्या अंतरासाठी ती पुरेशी होती. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला तोवर सत्तर लाखांहून अधिक बनल्या होत्या. मार्लिन कंपनीनं १९४८ मध्ये काढलेली ३३६ ही तिची तोलामोलाची प्रतिस्पर्धी. या दोन बंदुका अमेरिकेतल्या कित्येक घरांत आजोबांकडून नातवाकडे आलेल्या असतात, आणि नातू काडतुसं भरायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर साठ-सत्तर वर्षांचं यंत्र असतं.

या यंत्राची खरी गोम कुलपात आहे. बार होतो तेव्हा पुंगळीच्या आतल्या दाबाला थर्टी-थर्टीसाठी ठरलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ४२,००० पौंड, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २,८५० पट. त्याच जाडीच्या आधुनिक .३०८ विंचेस्टर काडतुसाला ६२,००० ची मुभा आहे. या फरकात पोलादाच्या दर्जाचाही भाग आहे, पण त्याहून मोठा भाग कुलूप कुठं बसतं याचा. बोल्ट रायफलीत बोल्टचे कान पुढे, काडतुसाच्या अगदी मागेच अडकतात. विंचेस्टर ९४ मध्ये लिव्हर मिटली की एक आडवा ठोकळा वर सरकतो आणि बोल्टला मागच्या टोकाशी टेकू देतो. म्हणजे दाब बसतो पुढे आणि आधार मिळतो मागे. मधलं सगळं पोलाद त्या क्षणी किंचित दबतं, किंचित ताणलं जातं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पितळेला ते कळतं. पुंगळीचा पुढचा भाग दाबानं चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटलेला असतो, बूड मागे सरकतं, आणि ताण पडतो तो दोहोंच्या मधल्या पितळेवर.

भर म्हणून थर्टी-थर्टीचं काडतूस बुडाच्या कडेवर अडकतं, खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथं, नाही. त्यामुळे जुन्या कारागिरांनी चेंबर कापताना खांद्याच्या पुढे बरीच मोकळी जागा सोडली. काडतूस अडलं नाही म्हणजे झालं. पहिल्या बाराला पुंगळीचा खांदा फुगून ती जागा भरून काढतो. घरी डायमध्ये, म्हणजे पुंगळी आवळायच्या साच्यात, घालून तोच खांदा पुन्हा पार मागे दाबला, की पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे जातो. असं दोन-चार वेळा झालं की बुडाच्या जरा वर पितळ आतून झिजल्यासारखं पातळ होतं. बाहेरून तिथं एक चकचकीत वर्तुळ दिसू लागतं. जाणकार माणूस कागदाला लावायची तारेची पिन सरळ करतो, तिचं टोक बारीकसं आकड्यासारखं वाकवतो आणि पुंगळीच्या तोंडातून आत घालून भिंतीवरून वर ओढतो. आकडा कुठं अडखळला, तर आत खाच पडली आहे. ती पुंगळी तिथंच चिमट्यानं चेपून भंगारात टाकायची. कुणी मोह आवरला नाही, तर पुढच्या खेपेला बूड तेवढं बाहेर येतं आणि उरलेलं पितळ चेंबरमध्येच अडकून बसतं. नशीब वाईट असेल तर तापलेला वायू मागे चेहऱ्याकडे येतो.

यावर उपाय आहे, पण त्यात एक पेच आहे. खांदा कमीत कमी मागे दाबावा, इंचाच्या दोन-तीन सहस्रांशांइतकाच, म्हणजे पितळ ताणलं जात नाही. बोल्ट रायफलवाले तर कित्येकदा नुसती मान आवळतात आणि बाकी पुंगळीला हातच लावत नाहीत, कारण बोल्टच्या फिरकीत अडेल काडतूस आत रेटण्याचा जोर असतो. लिव्हरमध्ये तो जोर नाही. जरा जाड झालेलं काडतूस अर्ध्यावर अडकतं, लिव्हर मिटत नाही, आणि समोरचं हरीण तेवढ्यात निघून जातं. म्हणून पुंगळी सबंध आवळायची, पण डाय अशी बसवायची की खांदा जेमतेम हलावा. हे माप पुस्तकात मिळत नाही. प्रत्येक रायफलीच्या चेंबरनुसार ते वेगळं येतं. डाय पाव फेरा फिरवायची, पुंगळी रायफलीत घालून लिव्हर मिटते का पाहायचं, पुन्हा फिरवायची. काडतुसं भरणाऱ्यांच्या एकूण कामात मला सगळ्यात आवडतं ते हे.

पितळाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा धागा थेट भारतात येतो. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. दाबून, ओढून आकार दिला की ते कडक होतं आणि त्याच्या पोटात ताण राहून जातो. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली जात आणि पावसाळा सरेपर्यंत कित्येकांना आपोआप तडे गेलेले सापडत. कोडं बरीच वर्षं सुटलं नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला उरलेला ताण या तिघांनी मिळून ते होतं. उपाय निघाला तो पितळ मंद तापवून ताण घालवण्याचा. आज अमेरिकेत घरी बसून काडतुसं भरणारा माणूस भांडी घासायची अमोनियावाली पॉलिश पुंगळ्यांना लावत नाही आणि पाच-सहा बारांनंतर त्यांच्या माना ज्योतीवर धरून नरम करतो, त्यामागे आपल्याकडच्या पागा आहेत. फक्त मान आणि खांदाच तापवायचा. बूड नरम झालं तर सगळाच घात.

पितळ बारागणिक लांबही होतं. थर्टी-थर्टीची पुंगळी २.०३९ इंचांहून, म्हणजे सुमारे ५१.८ मिलिमीटरहून, लांब असता कामा नये. ही लांबी या बंदुकीत दुपटीनं महत्त्वाची ठरते, आणि पुन्हा कारण तेच, ती नळी. स्प्रिंगचा दाब आणि बाराचे धक्के सोसताना गोळी पुंगळीच्या आत ढकलली जाऊ शकते. गोळी आत गेली की दारूला जागा कमी पडते आणि दाब एकदम चढतो. म्हणून गोळीच्या कमरेला एक खाचदार पट्टा असतो आणि पुंगळीचं तोंड त्यात चारी बाजूंनी वळवून घट्ट करतात. याला सगळे क्रिंप म्हणतात. आता पन्नास पुंगळ्या पन्नास लांबींच्या असल्या तर डाय एकीलाच बरोबर बसेल. आखूड पुंगळीचं तोंड खाचेपर्यंत पोचत नाही. लांब पुंगळीचं जादा पितळ गोळीत घुसायला बघतं, जागा मिळाली नाही की खालच्या बाजूला सुटतं, आणि थर्टी-थर्टीच्या पातळ मानेखाली खांद्याला एक फुगवटा येतो. नुसत्या डोळ्यांना तो नीट दिसत नाही. उजेडात काडतूस फिरवलं तर खांद्यावरची चकाकी एका ठिकाणी वाकडी होते. असं काडतूस चेंबरमध्ये जात नाही. त्यामुळे कापून सारख्या केलेल्या पुंगळ्या ही इथं टापटिपीची हौस नव्हे, गरज आहे.

प्रायमरचं थोडक्यात. तो बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसला पाहिजे. बोटाचं पेर फिरवून पाहिलं की कळतं. वर राहिलेला प्रायमर नळीत मागच्या गोळीखाली काय करेल हे वर आलंच आहे.

दारूचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण लोकांच्या कल्पना चुकीच्या असतात. बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर स्फोट होत नाही, भर्रकन जळून जाते. बंदिस्त पुंगळीत दाब वाढतो तसा तिचा जळण्याचा वेग वाढतो, त्यानं दाब आणखी वाढतो, आणि हे चक्र काबूत ठेवणं हीच दारू बनवणाऱ्यांची विद्या. दाण्यांचा आकार, त्यांच्या मधलं भोक, वरचा मंद करणारा लेप, सगळं त्यासाठी. पिस्तुलाची दारू झपाट्यानं जळते, मोठ्या रायफलीची सावकाश, आणि दोन्ही दिसायला काळपट दाणेच. थर्टी-थर्टीला मधल्या वेगाची लागते. १९३० च्या दशकातली आयएमआर ३०३१ ही तिची जुनी जोडीदार. हिचे दाणे जाडसर कांड्यांचे, त्यामुळे मापाच्या पेल्यात अडकतात आणि माप कमी-जास्त येतं. म्हणून चोखंदळ माणूस प्रत्येक माप काट्यावर तोलतो. एकक आहे ग्रेन, ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास अर्धा. अर्ध्या ग्रेनची चूक या काडतुसात जाणवते.

मापं छापील पुस्तकातूनच घ्यायची. लायमन, हॉर्नडी, स्पियर, सिएरा यांची पुस्तकं प्रयोगशाळेत दाब मोजून तयार होतात. त्यांत किमान आणि कमाल अशी दोन मापं असतात. किमानापासून सुरुवात करायची आणि चढायचं तर थोडं थोडं. मित्रानं सांगितलेलं, कुणाच्या आजोबांच्या वहीतलं माप जसंच्या तसं घ्यायचं नाही. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळी बसवण्याआधी विजेरी घेऊन प्रत्येकीत डोकावायचं, पातळी सारखी आहे का. लहान मापाच्या दारूंत एका पुंगळीत दुप्पट भरली गेली तरी ती वरून पटकन लक्षात येत नाही.

आपण काडतुसं बनवणं हे खडकीच्या किंवा वरणगावच्या कारखान्याचं काम धरून चालतो. अमेरिकेत मात्र ते घराघरांत आलं त्याला मोठी परंपरा आहे. १८७० च्या दशकात बायसनमागे हिंडणारे शिकारी दुकानापासून शेकडो मैल दूर असत. जवळ शिसं, साचा, दारू आणि पुंगळ्या बाळगत आणि रात्री शेकोटीपाशी भरत. १८८४ च्या सुमारास न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी आयडियल नावाचं एक हत्यार काढलं, दिसायला अगदी मोठ्या अडकित्त्यासारखं. खिशात मावे आणि त्यातच प्रायमर, आवळणी, गोळी सगळं होई. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची शिल्लक राहिलेली दारू घाऊक विकत घेऊन स्वस्तात विकली, कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांच्या आरसीबीएस कंपनीचे काडतुसं भरायचे प्रेस आले, विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये हातोडीनं ठोकून चालणारा स्वस्त संच काढला, आणि ही हौस मध्यमवर्गाची झाली.

आज मात्र पैसे वाचवायला म्हणून थर्टी-थर्टी भरावी असं मला वाटत नाही. ती काडतुसं अमेरिकेत सहज मिळतात. खरा उपयोग आहे तिच्या भावंडांना. बत्तीस विंचेस्टर स्पेशल, पंचवीस-पस्तीस, अडतीस-पंचावन्न या काडतुसांची दुकानात वाट पाहत बसावं लागतं. पंचवीस-पस्तीसची पुंगळी थर्टी-थर्टीची मान आवळून होते, बत्तीस स्पेशलची ती किंचित रुंदावून. आणखी एक अवघड प्रकरण म्हणजे .३०३ सॅव्हेज. आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हटलं की पोलिसांच्या खांद्यावरची ली-एनफील्ड आठवते. हे काडतूस त्याहून सर्वस्वी वेगळं आहे, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेज यांनी आपल्या लिव्हर रायफलीसाठी ते काढलं. त्यांच्या १८९९ च्या मॉडेलमध्ये नळीऐवजी फिरतं मॅगझिन आहे. प्रत्येक काडतूस स्वतःच्या खाचेत बसतं, म्हणून त्यात टोकदार गोळीही खुशाल चालते. १९१५ मध्ये याच रायफलीत सेकंदाला ३,००० फुटांचा वेग गाठणारं .२५०-३००० आलं. तरी तिचंही कुलूप मागेच असल्यामुळे पितळ तिच्यातही ताणलं जातंच.

जुन्या, झिजलेल्या नळीला घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीचा मोठा आधार असतो. नळीतून मऊ शिशाचा गोळा लाकडी काठीनं हळूहळू ठोकत पार करायचा आणि मायक्रोमीटरनं मोजायचा, म्हणजे नळीचा आतला खरा व्यास कळतो. मग गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश जाड ओतायची. कारखान्याची गोळी सगळ्या नळ्यांसाठी एकच असते, ही या एका नळीसाठी. वेग कमी ठेवावा लागतो, धक्का कमी बसतो, लक्ष्यावर सरावाला उत्तम. शिसं वितळवताना खिडक्या उघड्या आणि मुलं लांब. कॅलिफोर्नियात तर कंडोर गिधाडं शिशानं मरतात म्हणून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी आहे. तिथं तांब्याच्या गोळ्या भराव्या लागतात.

टोकदार गोळीचा प्रश्न अखेर हॉर्नडी कंपनीनं २००६ च्या सुमारास सोडवला, टोकाला रबरासारखं मऊ प्लास्टिक बसवून. ते प्रायमरवर टेकलं तरी दबतं, म्हणून नळीत धोका नाही. पुढे तिची खास दारूही घरी भरणाऱ्यांना सुटी मिळू लागली. यामुळे पल्ला शंभर-दीडशे यार्डांच्या पुढे गेला हे खरं. पण जुन्या १७० ग्रेनच्या चपट्या गोळीचा सेकंदाला २,२०० फूट हा वेग शंभर यार्डांवरच्या हरणाला कित्येक दशकं पुरला आहे. चांगलं भरलेलं काडतूस म्हणजे या रायफलीत हमखास जाणारं, हमखास निघणारं आणि त्याच जागी लागणारं काडतूस. ज्याला अधिक वेग हवा त्यानं बोल्ट रायफल घ्यावी. आजोबांच्या बंदुकीला छळू नये.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. अमेरिकेत एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: शिकारीचा वैध परवाना किंवा कायद्यातला दुसरा एखादा अपवाद लागू नसेल, तर तिथल्या केंद्रीय कायद्यानं त्यांना बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. मित्राच्या गॅरेजमधल्या प्रेसला हात लावण्याआधी आपल्या व्हिसाचा प्रकार पाहा.